माद्रिदचें मेज आणि स्पेनची हंडी

सर्व्हांटिसच्या 'डॉन क्विक्झोट' ह्या ग्रंथाचा दुसरा भाग १६१५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील एक प्रसंग श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या वाचनांत आला असेल. क्विक्झोटचा अडाणी पण व्यवहारचतुर सेवक सांचो पांझा ह्याला थट्टेनें एका बेटाची सुभेदारी देण्यांत येते. पहिल्याच दिवशीं सुभेदारसाहेब भोजनास बसतात. मेजावर शुभ्र आच्छादन घातलेलें आहे, फळें मांडलेलीं आहेत, एकामागून एक पक्वान्नें येत आहेत. परंतु शेजारीं एक वैद्यराज हातांत काडी घेऊन उभे आहेत. सांचोनें घास उचलावा, वैद्यानें ताटाला काडी लावावी आणि सेवकांनीं तें ताट उचलून न्यावें, असा क्रम सुरू होतो. एक पदार्थ फार ओलसर, तर दुसरा फार उष्ण! शेवटीं भुकेनें कासावीस झालेल्या सांचोची नजर मेजाच्या पलीकडल्या टोकाला वाफाळत असलेल्या एका भल्या मोठ्या पात्राकडे जाते. ती त्याच्या ओळखीची हंडी असते. निदान ती तरी मला द्या, असें तो विनवितो. त्यावर वैद्यराज सांगतात कीं, असलें अन्न धर्माधिकाऱ्यांना, विद्यालयांच्या प्रमुखांना आणि खेड्यांतल्या लग्नांना ठीक. सुभेदाराच्या मेजावर त्याला स्थान नाहीं.

सर्व्हांटिसनें हा प्रसंग विनोदासाठीं लिहिला. परंतु पुढील तीन-साडेतीन शतकें स्पेनच्या श्रीमंती मेजावर हाच विनोद गंभीरपणें चालू राहिला. देशांत जें अन्न सर्वांच्या घरीं शिजत होतें, तें बाहेर प्रतिष्ठेनें जेवावयाच्या जागीं चालत नव्हतें. स्पेनमधील नामांकित भोजनगृहांचा इतिहास म्हणजे एका अर्थानें त्या हंडीला मेजावर जागा मिळण्याचा इतिहास होय. आणि त्याच दृष्टीनें आज आपण त्याकडे पाहणार आहों.

प्रथम ह्या हंडीची ओळख करून घेऊं. तिचें स्पॅनिश नांव 'ओया'. ओया म्हणजे मातीची हंडी, आणि तींत शिजणाऱ्या अन्नालाही तेंच नांव. काबुली चणे, कोबी, कंदमुळें, गाईचें किंवा बकऱ्याचें मांस, कोंबडी, डुकराचें मांस व मसालेदार सॉसेजें हीं सारीं एकत्र घालून मंद विस्तवावर तासन्‌तास शिजवावयाचीं. हिच्या सर्वांत संपन्न प्रकाराला 'ओया पोद्रिदा' म्हणत. ह्या शब्दांचा सरळ अर्थ 'कुजकी हंडी' असा होतो. परंतु कांहीं पंडित 'समर्थ' अशा अर्थाच्या जुन्या शब्दाकडे बोट दाखवितात. माद्रिदमध्यें आज 'कोसीदो' म्हणून जो पदार्थ मिळतो, तो ह्याच कुळांतला. तो तीन फेऱ्यांत वाढतात: आधीं शेवया घातलेला रस्सा, मग चणे व भाज्या, आणि शेवटीं मांस.

ह्या हंडीच्या तळाशीं स्पेनच्या इतिहासाचा बराच गाळ सांचलेला आहे. ज्यू लोक शनिवारीं चूल पेटवीत नसत. म्हणून शुक्रवारीं सूर्यास्तापूर्वींच चणे व मांस घातलेली हंडी ते निखाऱ्यांवर ठेवून देत. तिला 'अदाफिना' म्हणत. १४९२ सालीं ज्यूंना स्पेनमधून हांकलून देण्यांत आलें. बाप्तिस्मा घेऊन जे मागें राहिले, त्यांच्या स्वयंपाकघरांवर धर्मन्यायालयाची नजर राहिली. शुक्रवारीं कोणाच्या घरीं काय शिजतें, कोण डुकराचें मांस टाळतो, ह्या गोष्टी त्या न्यायालयापुढें साक्ष म्हणून येत. हंडींत डुकराचें मांस आलें, तें केवळ रुचीसाठीं नव्हे तर निष्ठेचा पुरावा म्हणूनही आलें, असें अनेक अभ्यासक मानतात. एखाद्या देशाचा साधा रोजचा पदार्थ किती भय पोटांत घालून बसलेला असतो, ह्याचें हें एक उदाहरण आहे.

इ. स. १७०० मध्यें स्पेनचा हाब्सबुर्ग वंशीय राजा दुसरा कार्लोस निपुत्रिक वारला आणि फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा नातू पांचवा फिलिप ह्या नांवानें गादीवर आला. त्याच्याबरोबर पोषाख, शिष्टाचार आणि पाककला ह्यांत फ्रेंच वळण आलें. तत्पूर्वीं राजवाड्याच्या मुदपाकखान्यांत स्पॅनिश पदार्थांना मान होता. तिसऱ्या फिलिपचा आचारी मार्तिनेझ मोन्तिन्यो ह्यानें १६११ सालीं लिहिलेला पाकग्रंथ पुढें दीर्घकाळ छापला जात होता. परंतु आतां राजाच्या मेजावर सॉसपासून मिठाईपर्यंत सारें फ्रेंच नांवानें येऊं लागलें. आणि जें राजाच्या मेजावर, तेंच सरदारांच्या मेजावर!

ह्या काळांत बाहेर जेवावयास जावें तर कोठें, हाही प्रश्नच होता. स्पेनमधील रस्त्यावरच्या सराया प्रवाशांच्या तक्रारींचा विषय झालेल्या होत्या. तेथें निवारा मिळे, विस्तव मिळे. पण शिधा पुष्कळदां प्रवाशानें स्वतःच आणावयाचा आणि सराईवाल्यानें तो शिजवून द्यावयाचा, अशी रीत होती. माद्रिदमधील 'बोतीन' ही जुनी खानावळ १७२५ पासूनचा आपला वारसा सांगते. जगांतील सर्वांत जुनें भोजनगृह म्हणून तिची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथांत आहे. तेथील भट्टींत भाजलेलें डुकराचें पिल्लूं आजही प्रसिद्ध आहे, आणि हेमिंग्वेच्या १९२६ सालच्या कादंबरीच्या अखेरच्या भागांतही तें ठिकाण येतें. परंतु बोतीन हें मूळचें साधें ठिकाण. गृहस्थांनीं सहकुटुंब, चांगला पोषाख करून, स्वतंत्र मेजावर बसून, यादी पाहून जेवण मागवावें, अशी संस्था प्रथम पॅरिसमध्यें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत निघाली. स्पेनमध्यें ती रुजावयास आणखी अर्धें शतक जावें लागलें.

माद्रिदमध्यें ह्या संस्थेची प्रतिष्ठापना १८३९ सालीं झाली असें म्हणावयास हरकत नाहीं. एमिल ह्युगनँ नांवाच्या फ्रान्सहून आलेल्या मिठाईवाल्यानें सान हेरोनिमो मार्गावर 'लार्डी' ह्या नांवाचें दुकान घातलें. प्रथम मिठाई, मग भोजन, असा त्याचा विस्तार झाला. स्पेनचें लोकप्रतिनिधिगृह ह्याच मार्गावर आहे. त्यामुळें मंत्री, सेनापति, वर्तमानपत्रकार आणि लेखक ह्यांची तेथें सतत ये-जा असे. माडीवरच्या 'जपानी' दालनांत कोणकोणतीं मंत्रिमंडळें शिजलीं आणि कोणतीं करपलीं, ह्याच्या कथा माद्रिदमध्यें अजून सांगतात. लार्डीचें बाह्यांग, पाककला आणि भाषा हीं सारीं फ्रेंच होतीं. परंतु गंमत अशी कीं, ह्याच घराची पुढें जी कीर्ति झाली, ती फ्रेंच पदार्थांमुळें नव्हे. आज लार्डीचें नांव काढलें कीं माद्रिदच्या माणसाला आठवतो तो तेथील कोसीदो, म्हणजेच आपली हंडी! सांचोच्या मेजावरून उचललेलें पात्र ह्या श्रीमंत मेजावर हळूंहळूं मागल्या दारानें आंत आलें.

मागल्या दारानें येणें आणि पुढल्या दारानें मानानें येणें, ह्यांत मात्र अंतर आहे. हें अंतर ज्याच्या मनाला बोंचलें, तो कादिझ प्रांतांतील मेदिना सिदोनिया गांवचा मारियानो पार्दो दे फिगेरोआ हा विद्वान् गृहस्थ. तो 'डॉक्टर थेबुसेम' ह्या टोपण नांवानें लिही. हें नांव जर्मन वाटतें. पण 'थापा' ह्या अर्थाच्या 'एम्बुस्तेस' ह्या स्पॅनिश शब्दाचीं अक्षरें उलटसुलट करून त्यानें तें बनविलेलें होतें. परदेशी नांवाला वजन येतें हें ओळखून त्यानें ह्या सोंगाआडून स्वदेशी अन्नाची बाजू मांडली. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें: स्पेनच्या राजाच्या मेजावरील पदार्थांची यादी फ्रेंच भाषेंत कां? ती कास्तिलियन भाषेंत असावी. आणि राजाच्या पंक्तीला 'ओया पोद्रिदा'ही यावी. त्याचा मित्र होसे दे कास्त्रो इ सेर्रानो ह्यानें 'महाराजांचा एक आचारी' हें नांव धारण करून त्याला उत्तरें दिलीं. हा पत्रव्यवहार १८८८ सालीं 'ला मेसा मोदेर्ना', म्हणजे 'आधुनिक मेज', ह्या नांवानें पुस्तकरूपानें निघाला. दोघेही टोपण नांवाचे, दोघेही विनोदी. पण वाद खरा होता. मेजावरील कागदाच्या चिठोऱ्यावर कोणती भाषा असावी हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. तथापि ज्या देशाला आपल्या जेवणाचीं नांवें आपल्या भाषेंत पाहुण्यापुढें ठेवण्याची लाज वाटते, त्याची ती लाज जेवणापुरतीच राहत नाहीं, हें थेबुसेमनें ओळखलें होतें.

हा विचार पुढें वाया गेला नाहीं. प्रसिद्ध कादंबरीकर्त्री काउंटेस एमिलिया पार्दो बाझान हिनें १९१३ सालीं 'प्राचीन स्पॅनिश पाककला' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. ज्या ग्रंथमालेंत तिनें पूर्वीं स्त्रियांच्या दास्याविषयींचा जॉन स्टुअर्ट मिलचा ग्रंथ आणला होता, त्याच मालेंत तिनें हें पाकपुस्तकही काढलें. लोकांच्या जुन्या पदार्थांत राष्ट्राचा इतिहास साठलेला असतो, अशी तिची धारणा होती. १९२९ मध्यें दियोनिसियो पेरेझ ह्यानें 'स्पॅनिश सुग्रास भोजनाची मार्गदर्शिका' लिहिली. तींत प्रांतोप्रांतीचे पदार्थ गोळा केलेले होते. स्वतःसाठीं त्यानें टोपण नांव घेतलें तें 'पोस्ट-थेबुसेम', म्हणजे थेबुसेमनंतरचा! शिष्यानें गुरूचें ऋण मान्य करण्याची ही रीत मोठी हृद्य आहे.

परंतु मेज कोणत्या भाषेचें, ह्यापेक्षां कठोर असा दुसरा एक प्रश्न लवकरच उभा राहिला. तो म्हणजे मेजावर बसावयाचें कोणी? १९३६ च्या जुलै महिन्यांत यादवी युद्ध पेटलें. बार्सेलोनामधील अत्यंत ऐषारामी 'रिट्झ' हॉटेल कामगार संघांनीं ताब्यांत घेतलें आणि त्याचें 'हॉटेल गॅस्ट्रोनॉमिक क्रमांक १' असें नामकरण करून तेथें सर्वसामान्यांसाठीं भोजनशाळा उघडली. माद्रिदच्या 'रिट्झ'मध्यें रुग्णालय झालें. अराजकवादी पुढारी दुर्रुती ह्याचा मृत्यु त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत तेथेंच झाला. पलीकडच्या बाजूला, फ्रँकोच्या ताब्यांतील प्रदेशांत, ठराविक दिवशीं भोजनगृहांनीं गिऱ्हाइकाला एकच पदार्थ वाढावयाचा, पैसे मात्र पूर्ण जेवणाचे घ्यावयाचे आणि फरक मदतनिधीला द्यावयाचा, असा नियम निघाला. वेढ्यांत सांपडलेल्या माद्रिदमध्यें मसुरीवांचून कांहीं मिळेना. तेव्हां लोकांनीं पंतप्रधान नेग्रीन ह्याच्या नांवानें त्या डाळीला 'डॉक्टर नेग्रीनच्या गोळ्या' असें म्हणावयास सुरुवात केली. नेग्रीन हा पेशानें वैद्यकशास्त्रज्ञ. सांचोच्या भुकेजवळ पुन्हां एक वैद्य उभा राहिला, फक्त ह्या वेळीं काढून घेण्याजोगें ताटच पुढें नव्हतें.

युद्ध १९३९ मध्यें संपलें. भूक संपली नाहीं. शिधापत्रिका १९५२ पर्यंत चालू होत्या. आणि ह्याच काळांत माद्रिदमध्यें अत्यंत महागडीं भोजनगृहें निघालीं, ही गोष्ट इतिहासानें विसरतां येत नाहीं. बर्लिनमध्यें १९०४ पासून चाललेलें आणि नाझी अधिकाऱ्यांच्या आवडीचें झालेलें 'होर्शर' हें भोजनगृह त्याच्या मालकानें १९४३ सालीं माद्रिदला हलविलें. १९४५ मध्यें 'जॉकी' उघडलें. चांदीचीं पात्रें, पायाखालीं उशी ठेवण्याची तत्परता, मध्ययुरोपीय व फ्रेंच पदार्थ, असा तेथील थाट होता. बाहेर भाकरीसाठीं रांगा होत्या. ज्या हंडीला वैद्यानें हलकी ठरविलें होतें, तीही त्या वर्षीं कित्येक घरांत मांसावांचून, नुसत्या पाण्यावर व थोड्या चण्यांवर शिजत होती. श्रीमंती भोजनगृहाचें कौतुक करतांना हें चित्र डोळ्यांआड करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

पुढें परदेशी प्रवाशांचा ओघ सुरू झाला आणि सरकारला भोजनगृहांची व्यवस्था लावणें भाग पडलें. १९६५ च्या आदेशानें त्यांचे पांच वर्ग पाडण्यांत आले. दर्जा दाखविण्यासाठीं दारावर कांट्यांचें चित्र असे: साध्या घराला एक कांटा, अत्युत्कृष्ट घराला पांच कांटे. पण पांच कांट्यांच्या घरांत काय शिजावें, ह्याचें उत्तर सरकारी आदेशांत नव्हतें. तें उत्तर बास्क प्रांतांतून आलें. १९७३ सालीं माद्रिदमध्यें निघालेल्या श्रीमंती भोजनगृहाला त्याच्या मालकानें 'सालाकाइन' हें नांव दिलें. हा पीओ बारोखा ह्या बास्क लेखकाच्या कादंबरीचा नायक. मेजाला स्वदेशी कादंबरीचें नांव मिळालें, हाही एक संकेतच होता. १९८७ मध्यें मिशेलिनच्या मार्गदर्शिकेचे तीन तारे मिळविणारें हें स्पेनमधील पहिलें भोजनगृह ठरलें.

खरा पालट मात्र सान सेबास्तियान शहरीं झाला. तेथील आर्झाक कुटुंबाची इमारत १८९७ सालची, मूळची सराई व दारूचें दुकान. नातू हुआन मारी आर्झाक हा आईच्या हाताखालीं ह्याच स्वयंपाकघरांत तयार झाला. १९७६ सालीं माद्रिदमध्यें पाककलेवर एक परिसंवाद भरला होता. तेथें फ्रान्सचा विख्यात आचारी पॉल बोक्यूझ ह्याचे विचार आर्झाक व त्याचा मित्र पेद्रो सुबिखाना ह्यांनीं ऐकले. नंतर ते दोघे त्याच्याकडे जाऊन राहिले व त्याची पद्धत पाहून आले. तेथून ते काय घेऊन आले, हें महत्त्वाचें आहे. त्यांनीं फ्रेंच पदार्थ आणले नाहींत. त्यांनीं एक दृष्टि आणली: बाजारांत आज काय ताजें आहे तें पाहा, जुने पदार्थ शोधून काढा, त्यांतील जडपणा दूर करा. इतर सहकाऱ्यांसह त्यांनीं 'नवी बास्क पाककला' म्हणून जी चळवळ सुरू केली, तिचें बीज हें. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना ठाऊक असलेल्या एका कांटेरी तांबड्या माशाची आर्झाकनें केलेली मऊ वडी देशभर पसरली. १९८९ सालीं ह्या जुन्या सराईला तिसरा तारा मिळाला.

त्यानंतरची कथा भूमध्यसागराच्या किनाऱ्यावरची. रोझेस गांवाजवळच्या मोन्तझोई नांवाच्या लहानशा खाडीवर एका जर्मन गृहस्थानें व त्याच्या चेक पत्नीनें काढलेलें 'एल बुयी' हें उपाहारगृह पूर्वीं फ्रेंच वळणाचेंच होतें. १९८४ मध्यें तेथें रुजू झालेला फेरान आद्रिया ह्यानें १९८७ सालीं एका फ्रेंच आचाऱ्याच्या तोंडून 'निर्मिति म्हणजे नक्कल न करणें' अशा आशयाचें वाक्य ऐकलें आणि नक्कल करणें सोडलें, असें तो स्वतः सांगतो. १९९७ सालीं त्याला तीन तारे मिळाले, आणि २०११ च्या जुलै महिन्याच्या ३० तारखेला, कीर्तीच्या शिखरावर असतांनाच, त्यानें तें भोजनगृह बंद केलें. त्याच्या मेजावर येणारा एक पदार्थ आपल्या विषयाच्या दृष्टीनें मोठा बोलका आहे. अंडीं, बटाटा आणि कांदा ह्यांची 'तोर्तिया' स्पेनमधील प्रत्येक घरीं, प्रत्येक गुत्त्यांत मिळते. तीच त्यानें एका छोट्या पेल्यांत वाढली: तळाशीं कांदा, मध्यें अंड्याचा रस आणि वर बटाट्याचा फेस. रूप ओळखू येऊं नये, पण चव मात्र घरचीच यावी!

येथें आपला एक दूरचा संबंध येतो. बटाटा अमेरिकेंतून स्पेनच्या जहाजांतून युरोपांत आला. 'बताता' हा कॅरिबियन बेटांतील तैनो लोकांचा रताळ्यासाठीं असलेला शब्द. स्पॅनिश व पोर्तुगीज लोकांच्या तोंडीं तो रुळला आणि पोर्तुगीजांच्या मार्फत आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरून मराठींत 'बटाटा' झाला. आज तो आपल्या उपासालाही चालतो! परक्याची वस्तु घेण्यांत लाज नसते. तिला आपल्या चुलीवर आपलें रूप देतां आलें, म्हणजे ती आपली होते. स्पेनच्या आचाऱ्यांनीं फ्रान्सची पद्धत घेतली तेव्हां त्यांचें कांहीं बिघडलें नाहीं. फ्रान्सची यादी घेतली होती तेव्हां मात्र बिघडलें होतें.

एक विरोध मात्र शिल्लक राहतो, आणि तो लपविण्यांत अर्थ नाहीं. हंडीला मान मिळाला हें कोणी ठरविलें? टायर बनविणाऱ्या एका फ्रेंच कंपनीच्या मार्गदर्शिकेनें! शिवाय तो मान विकत घेण्याची ऐपत ज्याला आहे, तोच त्या मेजावर बसतो. मेजाची कीर्ति शाश्वतही नसते: 'जॉकी' २०१२ मध्यें बंद पडलें, २०२० च्या महामारीनंतर लार्डीवर दिवाळखोरीची पाळी आली, आणि २०२१ मध्यें मासळीचा व्यापार करणाऱ्या माद्रिदच्या एका जुन्या पेढीनें तें विकत घेऊन वांचविलें. सान हेरोनिमो मार्गावर आजही कोसीदो वाढला जातो. पण त्याच दुपारीं गल्लीबोळांतल्या लहान खानावळींतून आणि घराघरांतून तोच पदार्थ शिजत असतो. आणि मोठ्या मेजावरील हंडीची चव जिवंत राहते ती ह्या लहान चुलींच्या आधारावर.

सांचोची सुभेदारी फार दिवस टिकली नाहीं. उपासाला व कटकटीला कंटाळून त्यानें एके सकाळीं अधिकार सोडला, आपल्या गाढवाच्या गळ्याला मिठी मारली आणि निघाला. वाटेसाठीं काय हवें, असें लोकांनीं विचारलें, तेव्हां त्यानें गाढवासाठीं थोडेसे जव आणि स्वतःसाठीं अर्धा चीज व अर्धी भाकरी एवढेंच मागितलें. मानाच्या मेजावर तो उपाशी राहिला होता. रस्त्यावर त्याचें पोट भरलें. स्पेनमधील आचाऱ्यांनीं साडेतीनशें वर्षांनंतर जें केलें, तें एवढेंच कीं, त्यांनीं वैद्याच्या हातांतली काडी काढून घेतली.